बॅलेच्या जोड्यांना एरंडेल

बीडच्या बसस्टँडवर शेजारच्या बाईनं विचारलं, "ताई, नोकरीला कुठं होता?" तर मी "शिक्षिका होते" असं सांगून मोकळी होते. खरं सांगायला बसलं की गोष्ट लांबते. एकदा सांगून बघितलं होतं. म्हटलं, "मी बॅले करायचे. मुंबईच्या एका कंपनीत. त्याचाच पगार मिळायचा." बाईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे आर्केस्ट्रात का?" मी नाही म्हटलं. "मग लग्नात नाचतेत तसलं?" मी पुन्हा नाही म्हटलं. ती जरा सरकून बसली. नेकनूरची गाडी लागली तशी उठली आणि जाताजाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "असू द्या, पोटासाठी करावं लागतं."

तेव्हापासून मी शिक्षिका.

आता दिवाळी अंकात लिहायचंच आहे तर बॅले म्हणजे काय ते एकदाचं सांगून टाकते. हा तिकडं युरोपात राजेरजवाड्यांच्या दरबारात वाढलेला नाच. त्यातल्या प्रत्येक हालचालीला फ्रेंच नाव. गुडघा साधा वाकवला तरी त्याला 'प्लिए' म्हणायचं. पाय मांडीच्या सांध्यातूनच बाहेर वळवायचा, पाठ ताठ, मान लांब. आणि बायकांनी बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचं. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की या बाईला वजनच नाही. नाचणारीला मात्र आपलं सगळं वजन दोन अंगठ्यांवर आलेलं चांगलं कळत असतं. तरी चेहरा हसरा ठेवायचा. ठेच लागल्यावर हसत राहायची नोकरी म्हणा ना.

मी दिंद्रुडच्या बाजूची. घरी मेंढरं. पाऊसकाळ सरला की आबा, म्हणजे माझे वडील, आणि आई मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत रानोमाळ. आज या शिवारात मेंढरं बसवायची, उद्या त्या. अशात पोरीची शाळा कशी व्हायची? म्हणून मला पुण्याला मावशीकडं ठेवलं. मावशी एका शाळेत झाडलोट करायची. त्या शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी रोशन मिसचा बॅलेचा क्लास भरायचा. बंगल्यांतल्या मुली गाडीतून यायच्या. मावशीचं काम होईपर्यंत मी बाहेर तिची वाट बघत उभी असायची.

आता उभी कशी, ते महत्त्वाचं. आमच्यात मेंढरामागं उभं राहायची एक तऱ्हा आहे. एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला लावायचा आणि काठीवर रेलायचं. दिवस दिवस माणसं अशी उभी असतात. मी लहानपणापासून आबांचं बघून तशीच उभी राहायची, काठी नसली तरी. रोशन मिस ओरडत बाहेर आल्या होत्या दुसऱ्याच कुणावर तरी. मला बघून थांबल्या. मुलींना एका पायावर तोल धरायला शिकवून त्यांचा घसा बसला होता आणि इथं एक काळी पोर शेंगा खात एका पायावर उभी.

"तू असी किती वेळ उभी ऱ्हाते?" त्यांनी त्यांच्या पारशी मराठीत विचारलं.

मी म्हटलं, "मावशी येईपर्यंत."

असं माझं शिक्षण सुरू झालं. मिसनी फी घेतली नाही, पण बोलणी मात्र बंगल्यातल्या मुलींपेक्षा दुप्पट घातली. रोज आधी भिंतीला लावलेला लाकडी दांडा धरून तेच ते. वाकव, उचल, ताण, खाली आण. पहिली काही वर्षं यात नाच म्हणावा असं काहीच नसतं. मावशी केर काढताकाढता म्हणायची, "अगं, ह्या नाचायच्या कधी? सारख्या दांड्याला धरून कशापायी उभ्या असतेत?" मला हसू यायचं आणि हसलं की मिस मागून पाठीत बोट खुपसायच्या.

सुट्टीत गावाकडं गेले की दांडा कुठला? आबांची काठी जमिनीत ठोकून तिला धरायचे. आई कपाळाला हात लावायची. आबा लांबून बघायचे. एकदाच म्हणाले, "ह्या पोरीची कंबर मोकळी हाय. चालायला लई दमाची निघंल." मेंढकं माणूस कुणाचीही पारख पायावरूनच करतं.

मग आले ते टोकावर नाचायचे बूट, पॉइंट शूज. वरून गुलाबी साटीन, अगदी नवरीच्या अंगावरचं वाटावं असं. आत मात्र पुढच्या टोकाला कागद, गोणपाटासारखं कापड आणि खळ यांचे थरावर थर देऊन वाळवलेली कडक वाटी. त्या वाटीच्या भरवशावर बाई उभी राहते. नवा बूट घालून लगेच नाचता येत नाही. तो हातानं वाकवायचा, दाराच्या फटीत दाबायचा, तळाला खरवडायचा, आपल्या पायाच्या मापानं फिती शिवायच्या. लाकडासारखा कडकही नको आणि मऊही नको, मधोमध कुठंतरी तो आपला होतो. घामानं वाटी मऊ पडली की बूट मेला. आम्ही 'मेला' असंच म्हणायचो. आणि त्याला पाणी लागलं तर विचारूच नका.

मी बारावीत होते तेव्हाची गोष्ट. क्लासचा मोठा कार्यक्रम होता आणि त्यात पहिल्यांदाच मला एकटीचा नाच मिळाला होता. मुंबईच्या कंपनीचे सर तो बघायला येणार होते, कारण त्यांना एक मुलगी हवी होती. मिसनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांनी तुला घेतली तर तुझी लाइफ झाली. नाय घेतली तर मग मी काय करू, मला पण नाय माहीत."

त्याच आठवड्यात आबा पुण्याला आले. वडवणीकडचं एक स्थळ आलं होतं, मुलगा बरा होता आणि आईनं जवळजवळ होकार देऊन टाकला होता. आबा मावशीला म्हणाले, "कार्यक्रम व्हऊ दे तिचा. हौस फिटू दे. मग मी पोरीला घेऊनच जातो." मला कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती. मी मनात म्हटलं, सरांनी निवडलं तर बापासमोर काहीतरी बोलता तरी येईल. नाही निवडलं तर वडवणी. आबांपुढं तोंड उघडायची हिंमत मला तेव्हाही नव्हती.

आल्या दिवशी आबांनी मला पाय पुढं करायला लावले. मेंढीचा खूर तपासतात तसा त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, बोटं फाकवून बघितली. दोन नखं काळी पडली होती, टाचेला फोड, अंगठ्याच्या कडेला कातडं सोललेलं.

"हे काय गं माय? मेंढराचा खूर असा झाला तर आमी त्याला चालवत न्हाई. कोनती वहाण घालतीस?"

मी बूट दाखवले. कार्यक्रमासाठी तयार करून ठेवलेला जोड होता तो, वाकवून, फिती शिवून. आबांनी टोक बोटानं ठोकून बघितलं. टकटक वाजलं.

"लाकूडच की हे. चावंल न्हाई तर काय करंल."

मी म्हटलं, "असंच असतं आबा." आणि विषय तिथंच राहिला, असं मला वाटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी जुना जोड घेऊन मी तालमीला गेले. त्या तालमीत तो जोड पार मेला, टोक एका बाजूला बसलं. मला काही वाटलं नाही, चांगला जोड घरी होता. दुपारी तो न्यायला आले तर आबा अंगणात उन्हात बसलेले. समोर बादली. बादलीच्या काठावर माझे बूट वाळत घातलेले, एरंडेलानं चमकत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं नवी कातडी वहाण चावायला लागली की तिला पाण्यात भिजत घालतात, मग एरंडेल पाजतात. ती मऊ पडते आणि पायाला बसते. आबांच्या पिशवीत एरंडेलाची बाटली कायम असायची, वहाणेलाही तेच आणि मेंढराच्या खुरालाही तेच. त्यांनी सकाळपासून तेच केलं होतं. दोन्ही बूट चांगले मुरेपर्यंत भिजवले होते आणि मग हातानं चोळून चोळून तेल जिरवलं होतं.

आबांनी एक बूट उचलून टोक दाबून दाखवलं. ते भिजल्या पापडासारखं आत गेलं.

"आता न्हाई चावायची," ते म्हणाले. "पाक लोण्यावानी केलीय."

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. रडावं की हसावं कळेना. मावशी दारात उभी होती. बूट काय चीज आहे हे तिला क्लास झाडून झाडून ठाऊक झालं होतं. ती काही बोलणार, तेवढ्यात मी म्हटलं, "बरं झालं आबा. लई चावत होते." बूट पिशवीत घातले आणि निघाले. गल्लीच्या टोकाला जाऊन मग रडले.

हॉलवर पोचले तेव्हा मिस मुलींच्या केसांत पिना खोचत होत्या. मी पिशवी उघडून दाखवली. त्यांनी बोटानं टोक दाबलं, बोटाला लागलेलं तेल हुंगलं आणि खुर्चीवर बसल्या. "तू नाय नाचत आज," एवढंच म्हणाल्या. मेल्या बुटात टोकावर उभं राहिलं की घोटा मोडतो, त्यांचं बरोबरच होतं. मी म्हटलं, "नंदितेचा जोड घालते." नंदिता माझ्यासोबतची, तिचा नाच आधी होता आणि तिचा पाय माझ्याहून लहान. बॅलेत दुसरीचा बूट घालणं म्हणजे दुसरीचे दात लावून जेवायला बसणं. मिस म्हणाल्या, "पाय फाटेल." मी म्हटलं, "फाटू दे."

नाचले. कशी नाचले ते मला सांगता येत नाही, कारण आठवतात फक्त अंगठे. मिसनी शिकवलेलं एकच कामी आलं, की दुखणं गुडघ्याच्या वर येऊ द्यायचं नाही. शेवटी एका पायावर थांबायचं होतं. तिथं थांबले, आणि थांबूनच राहिले, संगीत संपलं तरी. लोक टाळ्या वाजवत होते. मागच्या ओळीत आबांचं लाल पागोटं दिसत होतं.

आत आल्याबरोबर मिसनी मला धरलं. मुंबईचे सर शेजारीच उभे होते. मिसचा राग आता बाहेर पडला. "असा गाढवपणा कोण करते? पाण्यात शूज टाकते कोणी? कोणी केलं हे, बोल ना!"

मी म्हटलं, "माझ्याच हातून बादलीत पडले, मिस."

"आणि तेल?"

"मीच लावलं. वाटलं, नीट होतील."

त्यांनी मला एक शिवी दिली, गुजरातीत. मग खाली बसून स्वतःच्या हातानं माझ्या फिती सोडल्या. नंदितेच्या बुटांच्या आत रक्त झालं होतं. सरांनी ते बघितलं, मिसकडं बघितलं आणि विचारलं, "हिचे आई-वडील कुठायत?"

आबा दाराशीच उभे होते. कधी आले होते ते मला कळलं नव्हतं. सरांनी त्यांना समजावून सांगितलं, मुंबईला राहायची सोय, शिक्षण, पुढं पगार. आबांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडं बघितलं. माझ्या पायांकडं बघितलं. मी खाली मान घातली होती, वडवणी डोळ्यांसमोर दिसत होती.

"न्या," आबा म्हणाले. "वडवणीच्या पाव्हण्याला मी सांगतो काय सांगायचं ते."

बस, एवढंच. आईनं त्यांच्याशी किती दिवस अबोला धरला असेल कोण जाणे. मी समजले की आबांना नाच आवडला. गावातही ते तसंच सांगत फिरले. "पोरगी नाचली ती माझ्या तेलावर. आधी वहाणच धड नव्हती तिची." पारावर बसून लोकांना एरंडेलाचे गुण सांगायचे.

मग मी कंपनीत लागले आणि चांगली पस्तिशी उलटेपर्यंत नाचले. मोठी नटी झाले असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. बहुतेक वर्षं मी घोळक्यात होते. घोळक्यात नाचणं हे वेगळंच काम असतं. सगळ्यांचे हात एका उंचीला, माना एका बाजूला, श्वाससुद्धा एकदम. आपण दिसलो की चुकलो. मधली बाई दिसावी म्हणून बाकीच्यांनी एकसारखं व्हायचं. मेंढरात वाढलेलीला हे जड गेलं नाही. पण खोटं कशाला बोलू, मधल्या जागेवर मला एकदा तरी उभं राहायचं होतं. कधी उंची आडवी आली, कधी कुणाची ओळख, कधी माझाच गुडघा. ती रुखरुख अजून आहे. झोपेत अजून मधल्या जागेवर नाचते मी.

कामं तरी कसली कसली केली! एका बिल्डरच्या मुलीच्या लग्नात आम्हाला तलावाच्या कडेनं हिरवळीवर नाचवलं. ओल्या हिरवळीवर टोकावर उभं राहून बघावं कुणीतरी, बुटाचं टोक नुसतं मातीत जातं. नाच संपल्यावर नवरदेवाच्या काकांनी येऊन विचारलं, "एखादी लावणी होईल का?" आमच्यातली एक चिडली. मी म्हटलं, "काका, पगार यांचा घेतलाय, यांनाच विचारा." एकदा माजलगावला एका सत्कारात आमचे लोक म्हणाले, जरा अंगठ्यावर उभं राहून दाखवा. साडीत, हार गळ्यात, चप्पल काढून उभी राहिले. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "आता खाली कशी यायचीस गं बाई?"

आणि दर दिवाळीला गावी जाताना मी एक जोड सोबत न्यायची. आबांना तेल पाजायला. खरंखुरं सांगते, मेलेला जोडच न्यायची, कचऱ्यात टाकायचा तो धुऊनपुसून. चांगला जोड मुंबईत ठेवून जायची. आबा दोन दिवस त्याच्यामागं लागायचे. भिजवायचे, चोळायचे, उन्हात घालायचे, शेजाऱ्यांना दाखवायचे. निघताना माझ्या हातात द्यायचे. मी म्हणायचे, "आता वर्षभर बघायला नको." आणि मुंबईत आल्यावर तो जोड कपाटाच्या वर टाकून द्यायचे. एकदा कपाट उघडायला गेले तर एरंडेलाच्या वासाचे कितीतरी जोड अंगावर पडले. माझ्या खोलीतली मुलगी म्हणाली, फेकून का देत नाहीस? मी ते सगळे पुन्हा वर रचून ठेवले.

आबांना खरं सांगावं असं पुष्कळदा वाटायचं. पण ज्या गोष्टीवर माणूस पारावर छाती काढून बसतो, ती काढून घ्यायची तरी कशी? आई गेली, आबा थकले, मेंढरं थोडी उरली. माझा गुडघा गेला आणि मी नाच सोडून बीडला आले. आता मंगल कार्यालयाचा हॉल तिथी नसेल तेव्हा भाड्यानं मिळतो, तिथं मुलींना शिकवते.

नाच सोडल्यानंतरची पहिली दिवाळी. मी जोड न घेताच गेले. आबा वाड्यात, म्हणजे मेंढरांच्या जागेवर, बाजेवर बसले होते. माझी पिशवी चाचपून म्हणाले, "औंदा जोड न्हाई आणला?"

मी म्हटलं, "आबा, नाच संपला. आता जोड लागत नाही." मग वाटलं, आता काय राखायचं. "आणि एक सांगायचं राहिलंय. तो पहिला जोड, पुण्याचा..."

"दुसरा घातलतास तू," आबा म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"तेलाचा डाग कुठं व्हता त्याच्यावर? आन् डावा पाय आखडून टाकत व्हतीस. आपल्या वहाणेत माणूस तसं चालत न्हाई. मागून त्या मिसबाईचं बोलणं बी ऐकलं मी. तिनं तुला इचारलं कुणी केलं, आन् तू म्हनलीस, मीच."

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं तेल कशापायी लावत होता?"

"तू इतक्या लांबून आणायचीस. न्हाई कसं म्हणावं?"

मग आबाच पुढं म्हणाले, "मी तुला न्यायलाच आलतो तवा. वाटलं, शेरात ऱ्हाऊन पोरगी आपल्याला लाजायली आसंल. आता न्हाई नेली तर हातची गेली. तुझं त्या नाचातलं मला काय कळतंय, मला न्हाई कळलं. पण येवढ्या मोठ्या मान्सापुढं तू बापाचं नाव न्हाई घेतलंस. म्हणलं, ही कुठं बी गेली तरी आपलीच ऱ्हाती. मग जाऊ द्यायला काय भ्याव?"

मी बाजेच्या पायाशी बसले आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले. आबांनी डोक्यावर हात ठेवला.

"हळू रड माय," ते म्हणाले. "मेंढरं बुजतेत."